निसणी काढून घेतली त्या पहाटे

उन्हाळ्यात आमच्या असोद्याच्या घरात आत कोणी झोपत नसे. घर धाब्याचं, वरती मातीचं सपाट छत. दिवसभर ते असं तापायचं की संध्याकाळी माय आणि काकू त्यावर बादल्या ओतायच्या तेव्हा चर्र आवाज यायचा. त्या आधी दुपारभर त्याच धाब्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत पडलेले असत. पहाटे चुलीवर ज्वारीचा घाटा शिजायचा, काकू मोठ्या लाकडी चाटूनं तो ढवळून हटायची आणि आम्ही मुली धोतरांवर बिबडे थापायला बसायच्या आधी वाटी वाटी गरम घाटा कच्चं तेल घालून खायचो. लसूण-मिरचीनं नाक वाहायचं. नंतर कावळे राखत निंबाच्या सावलीत बसायचं. घर दोन भावांचं, चूल एकच. मोठे नाना म्हणजे माझे काका, धाकटे आबा म्हणजे माझे वडील. नानांची लीला माझ्याहून थोडीशी मोठी. पण आम्ही एका वर्गात होतो, एका ताटात जेवायचो आणि रात्री एका गोधडीवर झोपायचो. गावात आम्हाला कोणी वेगवेगळी हाक मारत नसे. 'सुमी-लीली' असंच म्हणत.

रात्री पुरुष खाली अंगणात खाटा टाकत, बायका-मुली धाब्यावर. हवा हलायची नाही. लांब भुसावळकडे जाणाऱ्या मालगाडीचा आवाज यायचा, गोठ्यात बैल मान हलवायचा, आणि वीज आली की गावाबाहेरच्या मळ्यांतून एकेक मोटार सुरू झाल्याचं ऐकू यायचं. शेतातली वीज तेव्हा रात्रीचीच असे. केळीला पाणी रात्री भरायचं. आमचा मळा गावाला लागूनच होता आणि तिथे पाणी भरायला भिका असायचा. भिका आमचा सालदार. वर्षाच्या बोलीवर राबणारा, विशीतला, नुकतंच लग्न झालेला. मळ्यातच एका खोलीत तो आणि त्याची बायको राहायचे. तो मोटार चालू करायचा आणि खांद्यावर फावडं टाकून बागेच्या पार दुसऱ्या टोकाला पाट वळवायला निघून जायचा. जाताना मोठ्यानं गात जायचा. आवाज काही चांगला नव्हता, पण तो कुठे आहे ते त्यावरून कळायचं.

त्या मळ्यातल्या विहिरीत गावातली मुलं दिवसभर उड्या मारत. पाठीला भोपळा बांधून पोरं पोहायला शिकत, नानांची दोन्ही मुलं तिथेच शिकली. आम्ही मुली धुण्याची पाटी घेऊन काठाला. उन्हानं डोकं फुटायची वेळ आलेली असे, समोर पाणी उसळत असे, आणि आम्ही दगडावर गोधड्या आपटत असू. मी एकदा मायला म्हटलं होतं, मलाही शिकायचंय. माय म्हणाली, "बाईच्या जातीनं पाण्यात उतरायचं ते नदीवर, पर्वनीले." तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. तिला तिच्या आईनं सांगितलं तेच तिनं मला सांगितलं.

कल्पना लीलाची होती की माझी, ते आता सांगता येणार नाही. विहिरीला लागून एक हौद होता. मोटारीचं पाणी जाड पाइपातून आधी हौदात पडायचं आणि मग पाटानं बागेत जायचं. हौद आमच्या छातीइतका खोल. एके रात्री सगळे झोपल्यावर आम्ही मागच्या बाजूला लावलेली निसणी, म्हणजे शिडी, उतरलो, गोठ्याच्या भिंतीला धरून बाहेर पडलो आणि पळत मळ्यात गेलो. अंगातल्या परकर-पोलक्यासकट हौदात उतरलो. पाइपाखाली पाठ दिली की पाणी इतक्या जोरानं आदळायचं की ओरडावंसं वाटायचं. ओरडता येत नव्हतं म्हणून आम्ही एकमेकींचे दंड चावायचो. बस्स. एवढंच होतं ते. भिकाचं गाणं बागेच्या पलीकडून ऐकू येत असे आणि ते जवळ यायला लागलं की आम्ही निघायचो. ते कधी जवळ आलं नाही. मला आता वाटतं, हौदाकाठची ओली पावलं त्यानं कधीतरी पाहिली असणार आणि म्हणूनच तो मुद्दाम लांब राहत असणार, मुद्दाम मोठ्यानं गात असणार. पण हे माझं आत्ताचं वाटणं. त्यानं आमच्याकडे कधी डोळा वर करून पाहिलं नाही, एवढं मात्र मी शपथेवर सांगते.

त्या उन्हाळ्यात आम्ही कितीतरी वेळा गेलो. ओले कपडे गोठ्यामागं पिळून टाकायचो आणि सकाळी कोणी उठायच्या आधी उचलायचो. एक दिवस काकूनं ते आधी उचलले. ती आम्हाला काही बोलली नाही. तिनं नानांना सांगितलं.

इथून पुढचं लिहिताना माझा हात अजून जड होतो, तो रागानं. मी पुढे धुळ्याला मुलींच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं. कितीतरी आईबाप माझ्यासमोर येऊन बसले. पोरगी रात्री घरातून गेली होती, धाकटी खिडकीतून पळते, काय करू बाई? मी त्यांना बसवून पाणी द्यायची, आणि मनात मात्र मला नाना दिसायचे. कारण नानांनी काय केलं ते सांगते. त्यांनी आम्हाला आधी विचारलं नाही. झोपायच्या वेळी अडवलं नाही. त्या रात्री आम्ही गेलो आणि आमच्या मागून त्यांनी निसणी काढून घेतली.

आम्ही परत आलो तर भिंतीला निसणी नव्हती. लीलानं हातानं भिंत चाचपून पाहिली, जणू अंधारात दिसत नसेल. पुढच्या दाराला आतून कडी. लीला रडायला लागली. मी दार वाजवलं, हळू वाजवलं. आत नाना जागे होते. नंतर माय सांगायची, ते दाराच्या आतच खाट टाकून बसले होते आणि आबा त्यांच्या पायाशी. माय उठली तर नानांनी तिला हात दाखवून बसवलं. "राहू दे भायेर. जरा समजू दे," म्हणाले. आम्ही दोघी ओल्या अंगानं गोठ्याच्या ओट्यावर बसून राहिलो. उजाडायच्या सुमाराला गल्लीतल्या बायका पाण्याला निघाल्या आणि त्यांनी आम्हाला पाहिलं. एकीनं पाहिलं, तिनं दुसरीला दाखवलं. कोणी जवळ आलं नाही. घागरी घेऊन उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. मग नानांनी दार उघडलं.

त्यांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आम्हाला भीती घालायची एवढंच त्यांना सुचलं होतं. आपल्याच हातानं आपण पोरींना गल्लीच्या तोंडी देतोय हे त्यांना दार उघडल्यावर, बायकांची रांग पाहिल्यावर कळलं. आणि ज्या माणसाला आपली चूक अशी चारचौघांत कळते तो ती कधी आपल्या अंगावर घेत नाही. आता कोणीतरी दुसरा लागणार होता.

आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत नेलं. मला मायजवळ आणि लीलाला नानांजवळ. भिंत मातीची होती, सगळं ऐकू येत होतं.

"कोन व्हता?" नाना विचारत होते.

"कोनीच नव्हतं. आमी दोघीच. हौदावर गेलो व्हतो."

"हौदावर काय करायले?"

"पान्यात बसायले."

मग कासऱ्याचा आवाज. बैलाच्या दोरीचा आवाज माणसाच्या पाठीवर वेगळाच येतो. पुन्हा "कोन व्हता?" पुन्हा "कोनीच नव्हतं." पुन्हा आवाज. काकू मध्ये पडली तर तिला बाहेर काढलं. मी मायच्या कुशीत तोंड घालून ऐकत होते आणि मोजायचं नाही असं ठरवूनही मोजत होते. "कुठे गेलीस" याचं उत्तर तिनं न विचारताच, पहिल्या झटक्यात दिलं होतं. ते खरं होतं. ते कोणाला नको होतं. नानांना फक्त 'कोण' हवा होता, आणि जोवर 'कोण' मिळत नाही तोवर कासरा थांबणार नव्हता. सोळा वर्षांच्या पोरीला हे समजायला किती वेळ लागणार? लीलाला त्या मळ्यातल्या एकाच पुरुषाचं नाव ठाऊक होतं.

"भिका व्हता," ती म्हणाली.

कासरा थांबला.

लीलाला मी त्यासाठी कधी दोष दिला नाही. आज आम्ही दोघी म्हाताऱ्या आहोत, ती अजून मला मध्येच विचारते, "सुमे, मी नाव नसतं घेतलं तं?" आणि माझ्या अंगाची आग होते, तिच्यावर नव्हे. ज्यांनी मारलं ते मजेत जेवून-झोपून गेले आणि जिला मारलं ती पन्नास वर्षं स्वतःला कोरत बसली आहे.

तासाभरात मला बाहेर बोलावलं. ओट्यावर नाना, आबा, गावातली दोन-तीन मोठी माणसं. खाली अंगणात भिका उभा होता, हातात टोपी. त्याची बायको लांब निंबाखाली. त्याला का बोलावलं ते त्याला अजून कळलेलं नव्हतं, असं त्याच्या तोंडावरून दिसत होतं. नाना मला म्हणाले, "लीलीनं सांगितलं हा व्हता. तू हो म्हन."

मी म्हटलं, "नाना, भिका नव्हता. तो बागाच्या तिकडे पानी भरत व्हता. आमी दोघीच व्हतो."

"हो म्हन."

"नव्हता तं हो कसं म्हनू?"

आबा उठले आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. आबांनी मला त्याआधी कधी हात लावलेला नव्हता. मी पडले नाही, पण एका कानात कितीतरी वेळ मोटारीसारखा आवाज येत राहिला. मी पुन्हा म्हटलं, "नव्हता." आता मला रडू येत नव्हतं. आबांनी हात पुन्हा उचलला आणि खाली घेतला. भिका म्हणाला, "आबा, त्या पोरीले मारू नका. मी जातो." एवढंच बोलला तो. त्याचं हे बोलणंच त्यांनी कबुली म्हणून धरलं. नानांची दोन्ही मुलं आणि आणखी कोणी त्याला मळ्याकडे घेऊन गेले. तिकडे काय झालं ते मी पाहिलं नाही. दुपारी तो आणि त्याची बायको नशिराबादच्या रस्त्याला जाताना गावाला दिसले. बायकोच्या डोक्यावर बोचकं होतं आणि भिकानं उजवा हात डाव्या हातात धरलेला होता.

त्या संध्याकाळी मी गोठ्यात होते. कोणी मला घरात ये म्हणत नव्हतं. आबा गुरांना चारा टाकायला आले. बराच वेळ कडब्याशी खुडबुड करत राहिले, मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मले ठावं हाये तू खोटं नाही बोलत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. एक कान तसाही बधिर होता.

"मंग?" मी विचारलं.

"तुह्या नानाच्या तोंडून चार मानसांत शबद गेला. आता त्यो मांगं कसा घ्यायचा?" मग म्हणाले, "शाळाचं आता राहू दे. लोकाच्या तोंडाले हात लागत नाही."

मला नानांचा राग आला होता, पण तो साधा राग होता. ते अडाणी, तापट, भावकीत नाक वर ठेवून जगणारे. आबांवरचा राग त्या क्षणी जन्मला आणि तो वेगळा होता. नानांना खरं माहीत नव्हतं. आबांना होतं. खरं माहीत असून त्यांनी माझ्या तोंडात मारली, खरं माहीत असून एका गरिबाला मळ्याकडे नेऊ दिलं, आणि खरं माहीत असून माझी शाळा बंद केली. मोठ्या भावाचा शब्द पडू नये म्हणून. मला पुढे लोक म्हणायचे, त्या काळी असंच होतं. त्या काळी भिकाही होता की. त्याच काळातला, त्याच गावातला. त्याला कळलं पोरीला मारू नये.

लीलाला लगेच पाहुणे दाखवायला सुरुवात झाली आणि दिवाळी झाल्या झाल्या तिचं लग्न लावून दिलं. मला घरातून बाहेर पाय टाकायला बंदी. धाब्यावर झोपायचं बंद. मायनं आणि मी बंद खोलीत घामानं भिजून रात्री काढल्या. माय कमी बोलणारी. तिच्याबद्दल मी कधी काही अपेक्षा केलेली नव्हती, हे लिहितानाही मला वाईट वाटतं. त्याच जूनमध्ये, शाळा उघडायच्या सुमाराला, एका सकाळी तिनं भाकरी थापून ठेवल्या, हात धुतले, माझे दोन कपडे पिशवीत घातले आणि ओट्यावर चहा पीत बसलेल्या आबांसमोर उभी राहिली.

"मी माही पोर घीसन धुळ्याले जाते. बहिनीकडे ठेवीन. तठी शिकीन ती."

"नानाले इचारलं?"

"नानाची पोर नाही ही." मग म्हणाली, "आन् तुमालेबी नाही इचारत. सांगून राहिले."

आम्ही बसथांब्यापर्यंत गेलो, तेव्हा गल्लीतल्या त्याच बायका दारात उभ्या होत्या. मायनं पदर डोक्यावरून घट्ट ओढला आणि माझा हात धरून मधोमध चालली. जळगावला एस.टी. बदलली. एरंडोल गेलं, पारोळं गेलं, माय खिडकीबाहेर बघत होती. फक्त एकदा म्हणाली, "दार मी उघडाले पाह्यजे व्हतं." त्या घरात माझ्याशी कोणी बोललेलं पश्चात्तापाचं ते एकच वाक्य, आणि ते बोलली ती, जिला हात दाखवून खाली बसवलं होतं.

धुळ्याला मावशी देवपुरात राहायची. तिचे यजमान सूतगिरणीत. दोन खोल्या, पुढे लहानसं अंगण, घरमालकीण आजी शेजारीच. आम्ही पोचलो तर मावशीनं काही न विचारता आधी जेवायला वाढलं. शेवभाजी आणि पोळी, भाजी इतकी झणझणीत की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते थांबेना. घरमालकीण आजी दारातून डोकावली आणि म्हणाली, "पोर बठ्ठी सुकी गयी, तिले पह्यले खाऊ दे." माय भांडी घासायला गेली तेव्हा मावशी माझ्यासमोर बसली.

"कुठी गेली व्हती रातची?"

तिनं 'कोणासंगे' विचारलं नाही. इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणी पहिल्यांदा विचारत होतं.

"हौदावर. पान्यात बसायले."

"थंड व्हतं का पानी?"

"हो."

"आन् शेजारी उघडी इहीर. अंधारात पाय घसरला असता तं? केळीच्या बागात किती जनावरं निंघतात उन्हाळ्यात, ठावं हाये का तुले? तुमाले कोनी शोधलंबी नसतं सकायपोतर." आता तिचा आवाज चढला होता. ती मला चांगला अर्धा तास रागावली. शेवटी म्हणाली, "इथून पुढी कुठी जायाचं आसलं तं मले उठवायचं. मी नाही म्हनीन, भांडीन. पन तुह्यासाठी दार बंद नाही करनार."

मी त्या रात्री शांत झोपले. रागावून घेऊनसुद्धा. आणि झोपेतून उठल्यावर मला आठवलं की आमच्या घरात इतका मार, इतका आरडाओरडा झाला, पण तुम्ही बुडाल्या असत्या, तुम्हाला साप चावला असता असं कोणी, एकदाही, म्हणालं नव्हतं. आमचा जीव हा त्यांच्या काळजीचा विषयच नव्हता. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या आईबापांना मी पुढे हेच सांगत आले: रागवा, भरपूर रागवा, पण आधी लेकराला घरात घ्या. आणि विचारलंत तर जे उत्तर येईल ते ऐकायची तयारी ठेवूनच विचारा. काही जण ऐकायचे. काही जण म्हणायचे, बाई, तुम्हाला मुलीच्या बापाची लाज काय कळणार. मला ती फार चांगली कळत होती.

मी शिकले, मास्तरीण झाले, धुळ्यातच खोली घेतली. माय येऊन-जाऊन असे. तिच्याकडूनच कळलं की भिका नशिराबादला एका वखारीत कामाला आहे, त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ती एकदा स्वतः त्याच्या घरी जाऊन आली होती, त्याच्या बायकोनं तिला दारात उभं केलं नाही आणि पाणीही विचारलं नाही. "बरोबर केलं तिनं," माय म्हणाली.

आबा माझ्याकडे आले ते नाना वारल्यानंतर. केळीचा घड घेऊन आले होते, स्वतः एस.टी.तून वाहून. खोली पाहिली, भिंतीवरचा मुलींच्या वर्गाचा फोटो पाहिला. खुर्चीवर बसून म्हणाले, "गावात सांगतो मी, माही पोर धुळ्याले मास्तरीन हाये. लोक म्हनतात, आबा, तुमी शिकवलं म्हनून." मी चहा ठेवला.

कप त्यांच्या हातात देऊन मी म्हटलं, "आबा, नाना गेले. आता त्यांचा शब्द पडायची भीती नाही. गावात चार माणसांत एकदा सांगा, भिकाचा काही दोष नव्हता म्हणून. आणि नशिराबादला जाऊन त्यालाही सांगा."

आबांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. "झालं गेलं. आता कोन ध्यानात ठेवतं?"

"भिका ठेवत असेल. मी ठेवलंय."

"लोकं म्हनतीन, इतकी वर्षं का नाही सांगितलं."

"म्हणतीलच. काय उत्तर द्यायचं ते तुम्ही बघा."

त्यांनी चहा संपवला, कप-बशी खाली ठेवली, टोपी नीट केली. आमच्यात निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, आणि घरातला माणूस त्याला 'या' म्हटल्याशिवाय पाठवत नाही, शत्रूलाही नाही. आबा दारात वहाणा घालून उभे राहिले आणि म्हणाले, "येतो मंग, सुमे."

मी 'या' म्हटलं नाही. ते थोडा वेळ थांबले, त्या एका अक्षरासाठी थांबले हे मला दिसत होतं. मग ते जिना उतरून गेले आणि मी त्यांची कप-बशी विसळायला घेतली.